हवेतलं पाणी काढणारे मामा

हवेतलं पाणी या जगात फक्त एकाच माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसत असे, आणि तो माणूस माझ्या बायकोचा मामा होता. आपण हवा घेतो आणि सोडतो, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मामा मात्र हवा समोर आली की आधी तिची चौकशी करत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी सगळी नोकरी एअर ड्रायर बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली. कंप्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातली वाफही दाबली जाते, तिचं पाणी होतं, ते नळ्यांमधून जाऊन मालाचा सत्यानाश करतं, म्हणून ते आधीच काढून टाकायचं, एवढं साधं काम. पण मामा ते अशा काही थाटात सांगत की आपण इतकी वर्षं कारखान्याबाहेरही जिवंत कसे राहिलो, याचंच नवल वाटावं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी दाढीचा छोटा गोल आरसा असे. हवेच्या नळीसमोर तो धरायचा, क्षणभर थांबायचं आणि काचेवर थेंब उठलेत का ते बघायचं, ही त्यांची परीक्षा. ती कारखान्यापुरती राहिली असती तर आमची काही तक्रार नव्हती. मानपाड्याला पंक्चरवाल्याने माझ्या स्कूटरमध्ये हवा भरायला घेतली, तर मामांनी आरसा पुढे केला आणि त्याला म्हणाले, "कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायचा खालचा नळ शेवटचा कधी सोडलास रे?" टाकीला खालून नळ असतो हेच त्या बिचाऱ्याला त्या दिवशी कळलं. दाताच्या डॉक्टरकडे तर जबडा उघडा, तोंडात दोन हत्यारं, अशा अवस्थेत त्यांनी खुणेनेच विचारलं की तुमच्या कंप्रेसरला ड्रायर आहे का. नव्हता. मामा दात तसाच ठेवून खुर्चीतून उतरले.

नात्यातल्या माणसांचीही त्यांनी ड्रायरप्रमाणे वर्गवारी केली होती. माझे सासरे फ्रिजवाल्या ड्रायरमधले, म्हणजे हवा थंड करून पाणी गाळणारे. "फार ताणू नका, रोजच्या कामाला उत्तम. रंगकाम, हत्यारं, पॅकिंग, सगळीकडे चालतो." मामी आणि ते स्वतः दोन टाक्यांचा ड्रायर. त्यात पाणी शोषणारे पांढरे मणी भरलेले असतात. एक टाकी काम करते तेव्हा दुसरी आपले मणी वाळवत बसते, मग पाळी बदलते. औषधाच्या गोळ्यांना आणि नाजूक उपकरणांना हाच लागतो, कारण इतकी कोरडी हवा दुसरा कोणी देत नाही. "मी बोलतो तेव्हा ही गप्प असते, ही बोलते तेव्हा मी. म्हणून चाललंय," असं ते म्हणत. मामी आतून ओरडत, "तुमची पाळी संपतच नाही!" आणि मीठ भरलेला एक जुना प्रकार असतो, त्यातलं मीठ पाणी पिऊन पिऊन स्वतःच विरघळून जातं. तो मान त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना दिला होता. ते सांगताना मात्र ते कधी हसले नाहीत.

दसऱ्याला सगळी वसाहत कंप्रेसरला हार घालते. मामा ड्रायरला घालत, आणि त्यातही कुंकवाचं बोट लावत ते ड्रायरच्या खालच्या ड्रेनला. दर काही मिनिटांनी साचलेलं पाणी फुस्सकन बाहेर टाकणारी ती एवढीशी झडप म्हणजे त्यांचं दैवत. ती बंद करणारा आणि गावच्या विहिरीत विष कालवणारा, या दोघांत ते फरक करत नसत. एका बिस्किटांच्या कारखान्यात फोरमनने आवाजाला कंटाळून ती बंद केली, सगळा माल मऊ पडला. मामांनी त्या फोरमनच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याला परत नेऊन दिली. वीस वर्षांची मैत्री होती त्यांची.

हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं, आणि तरीही मी तेच करून बसलो. चांगली नोकरी सोडून, सगळ्यांचा विरोध पत्करून मी पावडर कोटिंगचा, म्हणजे धातूवर रंगाची कोरडी पावडर हवेने फवारून ती भाजून घट्ट करण्याचा, छोटा कारखाना काढला होता. पहिलं मोठं काम घोडबंदर रोडच्या एका कंपनीचं, विजेच्या पॅनेलच्या निळ्या पेट्यांचं. ड्रायर मामांनीच पसंत करून बसवून दिला. कंपनीचे साहेब पहिल्यांदा आले, चहाचा कप तोंडाला लावला आणि नेमकं मागे फुस्स झालं. साहेब दचकले, चहा पॅन्टवर. ते गेल्यावर मी मुकाट्याने ड्रेनच्या आधीची हाताने फिरवायची झडप बंद करून टाकली. शांतता फार बरी वाटली. मग ती तशीच राहिली, आणि खरं सांगायचं तर मी ती विसरूनच गेलो.

पहिला लॉट परत आला. निळ्या रंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. दुसराही परत आला. साहेब म्हणाले, तिसऱ्या वेळी मी स्वतः समोर उभा राहतो, जमलं नाही तर विषय संपला. विषय संपला म्हणजे माझा कारखानाच संपला. बायकोने मला न विचारता मामांना फोन केला.

मामा आले, साहेबांना नमस्कार केला आणि आरसा काढला. रंगाच्या गनपाशी धरला, थेंब. नळीच्या मधल्या जोडावर धरला, थेंब. ड्रायरच्या तोंडाशी धरला, तिथेही थेंब. मग गुडघ्यावर हात टेकून ते खाली वाकले आणि त्या क्षणी मला ती झडप आठवली. मामांनी झडपेच्या मुठीकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फोरमनची पत्रिका माझ्या डोळ्यांसमोर आली.

"जाम झालीय," मामा म्हणाले. पाना मागून घेतला, झडपेवर उगाचच दोन टोले घातले आणि मूठ फिरवली. बादलीभर तांबूस पाणी भसकन बाहेर आलं आणि मामांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली.

"मग चूक कोणाची म्हणायची?" साहेबांनी विचारलं.

"झडपेची. वय झालंय तिचं," मामा शांतपणे म्हणाले. झडप सहा महिन्यांची होती. संध्याकाळपर्यंत पेट्या आरशासारख्या निघाल्या आणि काम माझ्याकडेच राहिलं.

मामा त्यानंतर त्या विषयावर कधी बोलले नाहीत. मीही बोललो नाही, आणि ते न बोलणं मला वर्षानुवर्षं टोचत राहिलं. शेवटी ते कल्याणच्या इस्पितळात होते, नाकात ऑक्सिजनची नळी. भिंतीवर पाण्याची बाटली, ऑक्सिजन तिच्यातून बुडबुडत येत होता. मला बघताच म्हणाले, "बघा जावईबापू, हवेत पाणी घालतायत! पहिल्या दिवशी मी सिस्टरशी भांडलो. ती म्हणाली, आजोबा, कोरडा दिला तर नाक सुकतं, रक्त येतं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, ती झडप जाम नव्हती. मी बंद केली होती."

"ठाऊक आहे. मुठीवर निळ्या पावडरीत उघड्या अंगठ्याचा ठसा होता. रंगारी हातमोजे घालतो. तुम्ही घालत नाही."

"मग बोलला का नाहीत? फोरमनशी तर..."

त्यांनी त्या बुडबुडणाऱ्या बाटलीकडे बोट केलं. "फोरमनशी चुकलंच माझं," ते म्हणाले. "तुमच्या वेळी ते कळलेलं होतं. इतकं कोरडं वागून माणसाचं भागत नाही हो." मग खिसा चाचपला. इस्पितळाच्या सदऱ्याला खिसा नव्हता. उशीखालून त्यांनी आरसा काढला आणि माझ्या हातात दिला.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती कारखान्यातच जास्त येते. आरसा माझ्या खिशात असतो, रोज सकाळी तो मी गनपाशी धरतो. आजही नवीन गिऱ्हाईक चहा प्यायला बसतं आणि नेमकं मागे फुस्स होतं. ते दचकतं, चहा सांडतो. मी फडकं पुढे करतो आणि म्हणतो, "घाबरू नका, आमचे मामा आहेत."