पाडव्याला घेतलेली बग्गी

माझा साडू माणूस चांगला आहे असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो, कारण म्हणावंच लागतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या नात्यातून कतारला पहिला तोच आला. त्याच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा त्यानंच मला कळवलं, आणि मी दोहाला उतरलो तेव्हा हातात पाण्याची बाटली घेऊन विमानतळाबाहेर तोच उभा होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. कोल्हापूरकडचा, अंगानं धिप्पाड, आणि आवाज असा की लिफ्टमध्ये बोलला तर चौथ्या मजल्यावर कळावं. मी नाशिकचा, हळू बोलणारा, पाइपलाइनच्या ड्रॉइंगांत डोकं घालून बसणारा. उपकार करणाऱ्या माणसाचा राग धरता येत नाही, ही उपकाराची सगळ्यात वाईट बाजू आहे.

राग यायचं कारण पैसा नव्हता. त्याचा पगार माझ्याएवढाच होता. कारण माझी मुलगी होती.

ती आठ वर्षांची असल्यापासून दर थंडीत आमचे शुक्रवार समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचे. साडूकडे एक जुनी क्वाड होती, चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखी हॅंडल धरून चालवायची. आम्ही पोचलो की मुलगी चपला भिरकावून तिच्यावर चढायची, आणि दोघं धूळ उडवत टेकडीपलीकडे दिसेनासे व्हायचे. माझी सेडान डांबर संपलं की संपली. मी तिथेच थर्मास आणि थालीपिठांचा डबा सांभाळत उभा राहायचो. टेकडीमागून तिच्या किंचाळण्याचा आवाज यायचा. घाबरून नाही, आनंदानं. तसं किंचाळणं आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.

परत आली की केसांत वाळू, कपड्यांना पेट्रोलचा वास, आणि शनिवारभर तोंडात काका. काका असं म्हणाला, काकानं तसं केलं. गणितात कमी मार्क पडले ते काकाला आधी कळायचं. शाळेच्या रिले टीममध्ये निवड झाली ते काकाला आधी कळलं, मला मावशीच्या फोनवरून. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही एका शब्दात. "फाइन." "ओके." "नथिंग." मुलं मोठी होताना अशीच होतात, असं बायको म्हणायची. मग काकाशी बोलताना कशी होत नाहीत, हे मात्र ती सांगायची नाही.

तेव्हा मी ठरवलं की आपणही वाळूत जायचं. पण क्वाड नको. क्वाडवर मागे बसलेल्या माणसाला पाठ दिसते. मला ती माझ्या शेजारी बसायला हवी होती.

अशी गाडी असते हे मला एका दुपारी सलवा रोडवरच्या शोरूमच्या काचेतून कळलं. स्टिअरिंग असलेली, वर लोखंडी पिंजरा, आणि दोन सीटा शेजारी शेजारी. विकणारे तिला साइड-बाय-साइड म्हणायचे, आम्ही सगळे बग्गी. त्या काळात त्या नव्यानंच दिसू लागल्या होत्या. आत एक मल्याळी सेल्समन होता. त्यानं दिलेल्या कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर गाडी गुडघाभर बर्फातून चालली होती. आतल्या पानावर तिला पुढे फावडं लावून कुणाच्या तरी अंगणातला बर्फ काढत होते. जंगलातली वाट होती, चिखल होता, लाल टोपीतला एक आजोबा होता. वाळू कुठेच नव्हती.

"सर, स्नो में भी एकदम फर्स्ट क्लास चलता है," तो म्हणाला.

"यहाँ स्नो कब गिरेगा?"

"इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि मान हलवली.

घरी बायकोनं कॅटलॉग उलटसुलट करून पाहिला. "अहो, हे फ्रीज डिफ्रॉस्ट करायला आणताय का?"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ऑफिसात आम्ही पंप घ्यायचा असला तर चार कंपन्यांची टेंडरं मागवतो आणि एकेक गुण शेजारी शेजारी मांडून तपासतो. मी बग्गीचं तेच केलं. एक मोठी होती, मागे मालाची पेटी असलेली, शेतावर चारा वाहायच्या कामाची. एक शर्यतीची होती, बुटकी आणि रुंद, पण आमच्या अल थुमामाच्या घराच्या फाटकातून ती आत येईना. मी फाटक टेपनं मोजून आलो होतो. एक अगदी अरुंद होती, जंगलातल्या पायवाटांसाठी केलेली. ती फाटकातून आली असती, पण टेकडीच्या उतारावर कलंडली असती. बाकीची गिऱ्हाइकं इंजिनाचा जोर विचारत होती, मी शेजारच्या सीटबद्दल विचारत होतो. काहींत ती बाकड्यासारखी सलग होती, वळणावर माणूस घसरणार. एकीत ती चालवणाऱ्यापेक्षा वीतभर मागे होती. मग पुन्हा क्वाडच की! शेवटी एक आटोपशीर मॉडेल सापडलं. दोन वेगळ्या खोलगट सीटा, एका रेषेत, धरायला समोर दांडा. मी बायकोला शोरूममध्ये नेऊन त्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, गुडघ्यापुढे किती जागा उरते ते पाहिलं.

"मला कशाला बसवताय? मी थोडीच येणारे तुमच्याबरोबर उड्या मारायला?"

"तुझ्यासाठी नाहीच आहे ती."

"ते कळलंय मला," ती म्हणाली.

हे सगळं गुपचूप चाललं होतं. पण दोन बहिणींमध्ये गुपित राहत नाही. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी साडू कोळशावर कोंबडी भाजत होता, मध्येच चिमटा माझ्याकडे रोखून म्हणाला, "काय साडूभाऊ, बग्गी बघताय म्हणं! मीबी बघतोय तसलीच. दसऱ्याला घेऊ की, मुहूर्तावर. दोघं मिळून जाऊ."

मुलगी शेजारीच होती. "काका, यू टू? येस!" असं ओरडून तिनं त्याच्या हातावर टाळी दिली. माझ्या पोटात जे पेटलं ते त्या कोळशांपेक्षा जास्त होतं. दसऱ्यापर्यंत थांबलो असतो तर तो आधी जाऊन घेऊन आला असता, माझ्याहून मोठी, आणि शेजारच्या सीटवर कोण बसलं असतं हे सांगायला ज्योतिषी नको होता. साडेतीन मुहूर्तांतला पुढचा मुहूर्त पाडव्याचा होता. मी पाडवा पकडला.

आता कतारमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, मार्चअखेरीला वाळूत चालवायची गाडी कोण घेतं? तंबू गुंडाळायची ती वेळ. इथला अरब माणूस तेव्हा असली गाडी विकायला काढतो. पण आम्हाला मुहूर्त दिसतो, ऋतू दिसत नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

पाडव्याला सकाळी गच्चीत गुढी उभी केली, लबनेचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड खाल्लं आणि शोरूमच्या ट्रकनं बग्गी घरी आणून सोडली. अल मन्सूराच्या वाण्याकडून नारळ आणि झेंडूची माळ आणली होती. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. बायकोनं पुढच्या प्लॅस्टिकवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. साडू सहकुटुंब पेढे घेऊन आला. गाडीभोवती एक फेरी मारली, पिंजरा हलवून पाहिला, सीटवर बसून पाहिलं. त्याचा चेहरा पडेल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

"अरे वा!" तो खुशीत म्हणाला. "झ्याक काम केलंत. आता मला घ्यायची गरजच न्हाई!"

चिडला असता तर बरं वाटलं असतं. कुरकुरला असता, दोष काढला असता तर मी वर्षभर त्यावर जगलो असतो. माणूस स्पर्धेतच उतरला नाही. मी एकटाच धावलो आणि एकटाच पहिला आलो.

पुढच्या शुक्रवारी शमाल सुटला. वाऱ्यानं इतकी धूळ उडाली की समोरचं घर दिसेना. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ऊन असं की स्टिअरिंगला हात लावून मी ओरडलो. मग ती बग्गी ताडपत्रीखाली गेली. जाता येता मुलगी तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. शाळेची सुट्टी लागल्यावर आम्ही दोन महिने नाशिकला गेलो. जाताना बायकोनं मला न विचारता बग्गीची किल्ली बहिणीकडे दिली.

परत आलो. बॅटरी मेली असणार, टायर बसले असणार, हे धरूनच मी ताडपत्री काढली. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. टायर टणक. एक धुळीचा कण नाही. साडू दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, तो एक दिवसाआड संध्याकाळी घामाघूम होऊन येत होता आणि इंजिन चालवून जात होता. "यंत्राला बसवून ठिवायचं नसतं, साडूभाऊ." मी शुक्रिया म्हणालो, धन्यवाद म्हणालो, शुक्रन म्हणालो, माझ्याजवळ होते ते सगळे शब्द म्हणालो. मग बसलो तर पाय पेडलला पोचेनात. सीट त्याच्या तंगड्यांच्या मापानं मागे सरकवलेली होती.

थंडी आली आणि आणखी एक गोष्ट कळली. बग्गी रस्त्यावर चालवायची नसते, ट्रेलरवर घालून न्यायची असते. तो ट्रेलर ओढायची ताकद माझ्या सेडानमध्ये नव्हती. फाटक मोजलं, सीट मोजली, गुडघे मोजले, एवढंच राहिलं होतं. म्हणून नोव्हेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी माझी नवी कोरी बग्गी साडूच्या पिकअपमागे बांधून निघाली. मुलगी पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसली. मी मागून सेडानमध्ये, माझ्याच बग्गीची पाठ बघत.

पण वाळूवर पोचल्यावर ती खरंच माझ्याकडे आली. हेल्मेट घातलं, शेजारी बसली. तेरा वर्षांची झाली होती, तरी पट्टा मी लावून दिला आणि तिनं लावू दिला. साडू तंबूच्या खुंट्या ठोकत होता, त्यानं हात केला. तिनंही केला. मग मी ॲक्सिलरेटर दाबला.

मी चांगली चालवली. खोटं कशाला बोलू? दोन टेकड्या न अडखळता चढलो. वरून डावीकडे समुद्र लखलखत होता. मी तिला तो दाखवला. तिनं पाहिला.

"मजा येतेय ना?"

"इट्स नाइस, बाबा."

नाइस हा तिचा शब्द मला माहीत होता. कुणाकडे गेल्यावर बेचव सांजा पुढे आला की ती तो वापरायची. मी वेग वाढवला. एका टेकडीवरून गाडी जरा उडवली. ती किंचाळेल म्हणून कान टवकारून बसलो. ती दांडा धरून नीट बसली होती, शाळेच्या बसमध्ये बसावं तशी.

सपाटी आली तिथं ती म्हणाली, "बाबा, कॅन आय?" आणि स्टिअरिंगकडे बोट केलं.

"तुला येतं?"

"काका लेट्स मी. एव्हरी फ्रायडे."

म्हणजे टेकडीमागे जाऊन हे चालायचं. इतकी वर्षं. मावशीला ठाऊक होतं, आणि नंतर कळलं की माझ्या बायकोलाही. क्वाडवर मागे बसून ती त्याची पाठ बघत होती असं मी समजत होतो. मागे तो बसत होता.

नाही म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही म्हणालो असतो तर पुढचा शुक्रवार पुन्हा क्वाडचा होता. मी उतरलो, आम्ही जागा बदलल्या. तिनं सीट पुढे ओढली, पट्टा स्वतः लावला, एकदा ब्रेक दाबून पाहिला आणि गाडी अशी हलकेच सुटली की मला मान सावरायचीही गरज पडली नाही. सपाटी संपली, मऊ वाळू आली, मागची चाकं फिरू लागली. मी "थांब, थांब" म्हणालो.

"थांबायचं न्हाई, बाबा," ती समोर बघत म्हणाली. "पाय काढला की रुतलीच म्हणून समजा."

माझ्या मराठीला इतकी वर्षं इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी. मराठीतलं पहिलं सबंध वाक्य माझ्याशी बोलली आणि ते कोल्हापूरचं निघालं. तिनं पाय काढला नाही. बग्गी कण्हत कण्हत वर आली. आणि माथ्यावर पोचताच ती किंचाळली, अगदी तशीच, जशी मी खालून थर्मास धरून ऐकत आलो होतो. इतक्या जवळून ती किंकाळी ऐकली तर कानठळ्या बसतात. क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

तिनं स्टिअरिंग फिरवलं आणि उतारावरून सरळ तंबूच्या दिशेनं निघाली.

"अगं, तिकडे कुठे? अजून पुढे जाऊ ना."

"काकाला दाखवू दे की!"

खाली साडू हातोडी टाकून उभा राहिला होता, दोन्ही हात वर करून नाचत होता. तिनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मी समोरचा दांडा घट्ट धरून तिच्याकडे बघत होतो. माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती, वीतभर अंतरावर, आणि सगळे दात दाखवून त्याच्याकडे बघून हसत होती.