मामीच्या मापाची माणसं

आमची मामी भर बाजारात परक्या पुरुषाला थांबवायची आणि बिनदिक्कत सांगायची, "भाऊ, जरा पाठ फिरवा." गंमत म्हणजे तो फिरवायचाही. मग हातातला सदरा त्याच्या खांद्यांना लावून मामी दोन पावलं मागे सरायची आणि मान डोलवायची, नाहीतर नाक मुरडायची. सदरा असायचा टोरंटोतल्या तिच्या बाळूसाठी, आणि तो तिकडे नेण्याची हमाली माझी. मामी आता नाही, पण जालन्यातले कितीतरी खांदे तिला अजून ओळखत असतील.

मी आणि बाळूदादा दोघंही तिकडेच नोकरीला. मी सुट्टीत यायचे. त्याचे मात्र तिथे राहण्याचे कागद अडकलेले, आणि ते होईपर्यंत देश सोडायची सोय नव्हती. "पुढच्या वर्षी नक्की येतो" म्हणता म्हणता वर्षं गेली. त्यामुळे माझ्या परतीच्या आदल्या दिवशी मामीबरोबर जुन्या जालन्यात खरेदी ठरलेली. तीळ, काळा मसाला, खारे शेंगदाणे ही कामं पटापट व्हायची. "जल्दी करा ना, पोरीला जायचंय," म्हणत ती वाण्याची पळापळ करायची. कापडाच्या गल्लीत शिरलो की मात्र तिची चाल मंदावायची आणि नजर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पाठींवर फिरू लागायची.

"मामी, रोज तर फोनवर बघतेस त्याला," मी एकदा म्हटलं.

"फोनवर निस्तं तोंड दिसतं. तोंडावरून सदरा कसा घ्यावा, माय?"

मग माझी उलटतपासणी सुरू. पोट सुटलंय का? दंड भरलेत का? "बराबर सांग. त्यो माझ्याशी खोटं बोलतो, तू बोलू नको." मी सांगेन तसा माणूस ती शोधून काढायची. पहिल्यांदा कॉलेजातला एक काडीपैलवान मिळाला, मग बँकेतला एक गोलसर कारकून, पुढे शर्टाची बटणं ताणून बसलेला रिक्षावाला. तिकडे बाळूदादा वयाने वाढत होता, आणि इकडे मामी जालन्याच्या बाजारात त्याच्या मागोमाग चालली होती.

एकदा तर तिने चक्क हवालदाराला गाठलं. मी लाजून टांगलेल्या साड्यांच्या आड गेले.

"साहेब, पोरगा परदेशात हाय, बराबर तुमच्याच अंगाचा. एक मिनिट उभे ऱ्हा."

हवालदार निमूट पाठमोरा उभा राहिला. वर दुकानातल्या आरशात बघून म्हणाला, "मावशी, ह्यो रंग न्हाई खुलून राह्यला. निळा बघा."

मामीने निळा घेतला आणि पिशवीतले मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले. कुणाची पाठ फुकट वापरायची नाही, असा तिचा नियम होता. तो सदरा बाळूदादाला असा चपखल बसला, की आईला कळतं तरी कसं, म्हणून तो मलाच विचारत राहिला. मी पोलिसांचं नाव काढलं नाही.

शेवटी एकदाचे कागद झाले आणि बाळूदादा आला. आमच्या परतीच्या आदल्या दिवशी तिघंही त्याच गल्लीत गेलो. त्या दिवशी मामीने रस्त्यावर कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुकानात पहिलाच सदरा तिने दादाच्या पाठीला लावला. खांद्याला खांदा जुळला, लांबी जुळली.

"न्हाई. दुसरा दाखवा."

दुसरा झाला, तिसरा झाला. एरवी पाच मिनिटांत सदरा पसंत करणारी ही बाई एकेक घडी मोडून दादाच्या पाठीवर ठेवत होती, तळव्याने सुरकुत्या काढत होती आणि "न्हाई" म्हणत होती. गादीवर ढीग झाला. "आई, बास की आता," दादा हसून म्हणाला. दुकानदारही कंटाळला. बॅगा भरायच्या राहिल्या होत्या, म्हणून मी तिच्या कानाशी लागले, "मामी, अगं पहिलाच बरोबर बसला होता."

"मला दिसून नाही राह्यलं का?" त्याच्या पाठीवरचा हात न काढता ती हळूच म्हणाली. "तू गप बस जरा."

आणि दुकानदाराला म्हणाली, "अजून दाखवा."