डब्यावरचे तांदूळ

विहिरीवरचं इंजिन कर्रकन ओरडलं आणि जाम झालं. पाटात होतं तेवढं पाणी वाहिलं, मग तेही थांबलं. वांगी फुलावर होती आणि मोट आम्ही इंजिन आलं त्याच वर्षी मोडीत काढली होती. शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली. त्यांच्यासमोर सासऱ्यांनी माझ्या धाकट्या जावेकडं हात केला. "हिच्या शिळ्या तेलानं मारलं इंजिन."

ती जाऊ, अनुसया, मागच्या महिन्यात वारली.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. तेलाचा सीलबंद डबा इंजिनासोबतच वाशीमहून आला होता. जास्तीचा म्हणून फळीवर राहिला. दर दसऱ्याला इंजिनाबरोबर त्याचीही पूजा व्हायची, त्यामुळं झाकणावर हळदकुंकवाचा आणि तांदळाचा जाड थर बसला होता. त्या उन्हाळ्यात हाताशी दुसरं तेल नव्हतं. इतकी वर्षं पडलेलं तेल चालेल का, अशी सासऱ्यांना शंका होती. धाकटी सून सासऱ्याशी बोलत नसे. ती पदराआडून मला म्हणाली, "आक्का, मामंजीले सांगा, डबा फोडलाच नाही तं तेल कायले नासन? पन झाकन पुसा म्हना पयले."

सासऱ्यांनी ते ऐकलं. "पूजेचं कुंकू फडक्यानं पुसाचं? माहेरी हेच शिकली काय?" आणि त्यांनी झाकणावर छन्नी ठेवून घाव घातला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं डब्यातलं उरलेलं तेल बोटांवर चोळून पाहिलं. "तेल तं एकदम चांगलं हाये, बाबा." मग तेलाच्या तुंबलेल्या नळीतून लाल झालेले तांदूळ काढून तळहातावर धरले. "हे कोनं टाकले?"

सासऱ्यांनी ते तांदूळ उचलून तुळशीत टाकले. वांगी वाळली. गावात शिळ्या तेलाचीच गोष्ट राहिली आणि आमच्या घरातल्या कोणीही ती खोडली नाही. बाजारात लोक अनुसयाला विचारत, "काहो बाई, भाजी ताजी हाये ना, का तुमच्या तेलावानी?" ती मुकाट्यानं तोलून द्यायची...

तेरवीला तिच्याच नातवानं ती गोष्ट सांगितली. पंगत हसली. मला मान वर करवली नाही.

तो डबा तिनं घासून मिठाला ठेवला होता. अजून तिच्या चुलीपाशी आहे. तेल चांगलं होतं. त्या दिवशी इंजिनापाशी जे होते, त्यांतली आता मी एकटीच आहे.