रस्त्याचे तास

आमच्या भावजींना सगळा गाव ‘धोपट’ म्हणतो. नांगर जमिनीला लागला की या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ रेघ, आणि बोलायला लागले की तेही तसंच, समोरच्याच्या नाकावर जाऊन आदळणारं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा पहिल्या दिवशी चहा केला. घाबरगुंडीत साखर घालायची राहिली. सासूबाई, सासरे, आमचे हे, सगळ्यांनी मुकाट्याने कप रिकामे केले. दीर तेवढे म्हणाले, “वहिनी, चहा झकास, पण साखर डब्यातच राहिली वाटतं.” त्या दिवसापासून माझं आणि त्यांचं जमलं.

लग्न त्यांनी केलं नाही. “इंजिनाशी लागलंय ना तुमचं,” असं मी चिडवायचे, आणि ते म्हणायचे, “निदान ते माहेरी जात नाही.” वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला. गावात एकच मोठा ट्रॅक्टरवाला, त्याला सगळे मालकच म्हणतात. लोकांची शेतं नांगरून द्यायची आणि भाडं तासावर घ्यायचं, हा धंदा. स्टिअरिंगच्या समोर एक मीटर असतो. इंजिन चालू असेपर्यंत तो तास मोजत राहतो. ट्रॅक्टर रान नांगरतोय की नुसता रस्त्याने चाललाय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मालकाचे बाकीचे ड्रायव्हर शेडमधून बाहेर पडले की मीटर धरायचे. शेत लांब असलं तर जाण्यायेण्याचे तासही शेतकऱ्याच्याच डोक्यावर. भावजींना ते पटत नसे. निघतानाच ते मीटरची केबल हाताने पिळून मोकळी करायचे, तिचं टोक फडक्यात गुंडाळायचे आणि बांधावर पोचले की शेतकऱ्याला समोर उभं करून पुन्हा जोडायचे. “रस्ता माझा, रान तुमचं,” असं म्हणायचे. मालक कुरकुरायचा, पण गिऱ्हाईक धोपटचं नाव घेऊनच यायचं, म्हणून गप्प बसायचा.

स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचा, एवढी एकच हौस त्या माणसाला होती. कर्ज मात्र नको. घरामागची मोकळी जागा दोघा भावांच्या नावावर होती. तिथे माझ्या शिवणकामासाठी एक खोली बांधायची, असं आमच्या ह्यांनी मला किती वर्षं सांगितलं होतं. ती जागा शेजाऱ्याला विकली. भावजींनी मला आधी विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, “घ्या तुमचा ट्रॅक्टर. माझं मशीन काय, बोळकांडीतही चालतं.” मनापासून म्हटलं होतं. ट्रॅक्टर दारात आला तेव्हा मी त्याच्या सीटला हिरव्या रेक्झिनचं कव्हर शिवलं, दुहेरी शिलाई घालून. भावजी त्याच्यावर बसायच्या आधी पँट झटकायचे.

पहिले काही दिवस बघण्यासारखे होते. पंचेचाळिशीचा माणूस जेवताना गुणगुणायला लागला. मग एक दिवस तो नांगर खाली बसायला लागला. म्हणजे असं, की ट्रॅक्टरच्या मागे नांगर उचलून धरणारे दोन लोखंडी हात असतात, ते तेलाच्या दाबावर चालतात. तेल तापलं की ते हात आपोआप खाली यायचे, दमलेलं माणूस भिंतीला टेकून हळूहळू बसतं तसे. वळायला नांगर उचलावा तर उचलत नाही. काम बंद.

जिथून घेतला त्या शोरूममध्ये फोन केला. ते म्हणाले, “आमच्याकडे फक्त विक्री. दुरुस्ती शहरातल्या वर्कशॉपला.” वर्कशॉपला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “काही काळजी करू नका. वॉरंटीत आहे. पार्ट फुकट, मजुरी फुकट. गाडी फक्त इकडे आणा.”

त्या ‘फक्त’ने आमचं घर खाल्लं.

शहर घाटाच्या पलीकडे. ट्रॅक्टर न्यायचा म्हणजे ट्रेलर आला. ट्रेलरवाला माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही पोट आहे. ट्रॅक्टर नेऊन सोडायचं भाडं वेगळं, तिकडून रिकामं यायचं वेगळं, आणि आणायला जाताना पुन्हा तेच दोन्ही. वर्कशॉपवाल्यांनी काय केलं? माझ्या बांगडीएवढं एक रबर बदललं. ते फुकट. ते न्यायला-आणायला मात्र भावजींची कितीतरी दिवसांची कमाई गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

परत आणल्यावर ट्रॅक्टर जेमतेम आठवडाभर चालला आणि नांगर पुन्हा बसला. पुन्हा ट्रेलर, पुन्हा घाट, पुन्हा तेच रबर. या वेळी मी स्वतः फोन घेतला. “अहो, वॉरंटी यंत्राची आहे की ट्रेलरवाल्याची? तुमचा माणूस पाठवा ना इकडे, एवढंसं रबर घेऊन.” मुलगी म्हणाली, “मॅडम, वाहतूक वॉरंटीत येत नाही.” मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या ह्यांनी हातातून फोन काढून घेतला. फुकट दुरुस्तीचं म्हणाल तर मला तेव्हा एवढंच वाटत होतं, भीक नको पण कुत्रं आवर.

नांगरटीचे दिवस काही आमच्यासाठी थांबणार नव्हते. ज्यांनी भावजींना शब्द दिला होता ते दोन दिवस थांबले, चार दिवस थांबले, मग ओशाळं हसत मालकाच्या ट्रॅक्टरला बोलवायला लागले. त्यांचंही चूक नाही. रान वेळेवर नांगरलं नाही तर पुढे काय पेरणार? भावजी ओट्यावर बसून रस्त्याने जाणारा मालकाचा ट्रॅक्टर बघायचे. गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं.

तिसऱ्यांदा नांगर बसला तेव्हा ट्रेलरला द्यायला काही उरलं नव्हतं. भावजी म्हणाले, “चाकावरच नेतो. रस्त्याला काय, नांगर काढून ठेवला की झालं.” ट्रॅक्टरने घाट ओलांडून शहर म्हणजे पहाटेपासून अंधारापर्यंत. त्यात वॉरंटीलाही तासांचा हिशेब होता. मीटरवर ठरावीक तास भरले की ती संपणार. आमचे हे म्हणाले, “अरे, जाण्यायेण्यातच किती तास जातील तुझे.” तेव्हा भावजी सरळ म्हणाले, “ते कसे जातील? चूक त्यांची आहे. रस्त्याचे तास माझ्यातून कापायचे नाहीत.”

निघायच्या दिवशी पहाटे मी डबा द्यायला बाहेर गेले तर ते मीटरखाली वाकले होते. केबलच्या नटाला तारेत ओवलेला शिशाचा बारीक मणी होता. पकडीने तार कापून त्यांनी तो काढला. मी विचारलं, “हे काय?”

“काही नाही वहिनी. मालकाच्या जुन्या ट्रॅक्टरला नव्हता. नट हलू नये म्हणून लावत असतील. तिथे गेलो की त्यांच्याकडूनच पुन्हा बसवून घेतो.” मणी त्यांनी खिशात जपून ठेवला, केबलचं टोक फडक्यात गुंडाळलं आणि गेले. मीही हात हलवून निरोप दिला. आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. एवढी वर्षं जे केलं म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, तेच ते करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. “दादाला घेऊन या,” एवढंच म्हणाले. मी आणि हे मिळेल त्या बसने गेलो.

वर्कशॉपच्या ऑफिसात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डुगडुगणारा पंखा आणि टेबलामागे एक तरुण सुपरवायझर. भावजी कोपऱ्यातल्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. काय झालं ते सुपरवायझरनेच सांगितलं. सकाळी गाडी आत घेताना त्याने मीटरवरचा आकडा लिहायला घेतला, तर भावजी म्हणाले, “साहेब, मीटरवर दिसतात त्याच्यापेक्षा जास्त झालेत हं. रस्त्याचे मी मोजले नाहीत.” आणि खिशातला मणी काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

“ते सील आहे, ताई,” सुपरवायझर मला म्हणाला. “मीटरचं सील तोडलं की वॉरंटी रद्द. कागदावर तसं आहे.”

“अहो, चोर कधी स्वतःहून सांगतो का?” मी विचारलं.

तो डोळे चोळत म्हणाला, “तेच तर. काकांनी सांगितलं नसतं तर मी बघितलंही नसतं. पण सगळ्यांसमोर सांगितलं. मॅनेजर इथेच उभे होते. मी काय करू?” तो काही दुष्ट नव्हता. त्यामुळे तर माझा राग कुठे काढावा तेच कळेना. आतून मेकॅनिक आला आणि हात पुसत सांगून गेला, की दोष रबरात नव्हताच, आतल्या पंपालाच चीर आहे, कारखान्यातूनच आलेली. म्हणजे पहिल्याच खेपेला नीट बघितलं असतं तर सगळं फुकटात झालं असतं. आता पंप पदरच्या पैशाने.

आमचे हे म्हणाले, “कर्ज काढू.” भावजींनी मान हलवली. मी म्हटलं, “माझं मशीन विकू.” तेव्हा मात्र ते माझ्याकडे बघून म्हणाले, “वहिनी, जागा गेली ती पुरे.” मी खुर्चीवरून उठून बाहेर गेले आणि गेटजवळच्या टायरांच्या ढिगाआड रडून घेतलं. इतकं हताश मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

ट्रॅक्टर तिथेच विकला, वर्कशॉपच्या आवारात, जुन्या गाड्या घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला, मातीमोल. त्याने मीटर बघितला आणि खूश होऊन म्हणाला, “फारच कमी चाललाय की.” मी धास्तावून भावजींकडे बघितलं. आता भावजी पुन्हा खरं सांगणार आणि होता तो भावही पडणार. ते काही बोलले नाहीत. मी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला. येताना त्यांनी सीटचं कव्हर काढून घेतलं. बसमध्ये ते घडी करून मांडीवर ठेवलं होतं. “चला, परत आणायचं डिझेल तरी वाचलं,” आमचे हे म्हणाले. कुणीच हसलं नाही.

भावजी पुन्हा मालकाकडे लागले. मालकाने टोमणाही मारला नाही, ते जास्त लागलं. घरात ते बोलायचे, पण कामापुरतं. मला वाटायचं, माणूस दुखावलाय, येईल हळूहळू ताळ्यावर.

परवा खालच्या आळीतली एक बाई माप द्यायला आली. फीत तिच्या खांद्याला लावली तशी म्हणाली, “राग मानू नका, पण तुमच्या दिरांनी यंदा आम्हाला जाण्यायेण्याचेही तास लावले. आमचं रान किती लांब, तुम्हाला ठाऊक आहे. मालकाचा नियम असेल म्हणून आमच्या घरच्यांनी मुकाट दिले. पण आम्ही त्यांचं नाव घेऊन ट्रॅक्टर बोलावला होता हो.”

माझा विश्वास बसेना. मी तिच्याशी भांडले. “आमचे भावजी असं करणारच नाहीत,” म्हटलं. ती माप न देताच गेली.

संध्याकाळी भावजी आले आणि नळावर हातपाय धुवायला बसले. मी तशीच पाठीमागे जाऊन उभी राहिले. “भावजी, खरं का हे? तुम्ही केबल काढली नाहीत?”

ते साबण लावत राहिले. मग पाणी बंद करून म्हणाले, “रस्ता काय फुकट असतो, वहिनी?”

आत येऊन मी चहा टाकला, दोन कप भरले, एक त्यांच्यापुढे ठेवला. ते भिंतीकडे बघत प्यायले, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कप विसळून पालथा घातला आणि आत जाऊन पडले. मग मी माझा कप तोंडाला लावला. साखर घालायची राहिली होती.