बोटीतल्या बाकावरचा रुमाल

परवा आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि त्या दिवशी आम्ही दोघं गंगाखेडात नव्हतो... अंदमानच्या समुद्रात एका शिडाच्या बोटीत होतो. मला गोदावरीच्या पुलावरून खाली बघितलं तरी गरगरतं. पण लेकीने परस्पर बुकिंग करून टाकलं होतं, मग काय करणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, तब्बल बत्तीस वर्षं. आणि आमचं लग्न मे महिन्यातलं, ऐन लग्नसराईतलं... गाड्या तुडुंब, रजा बंद. दुनियेची वऱ्हाडं पोचवता पोचवता आमच्या लग्नाचा वाढदिवस दरवर्षी राहून जायचा. मी घरी मशीनवर ब्लाउज शिवत बसायची, तेही दुसऱ्यांच्या लग्नाचे. त्या लाल गाडीचा मला सवतीसारखा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पहिल्या वाढदिवसाला मात्र यांनीच युक्ती काढली होती. "रजा न्हाई तर न्हाई, तूच चल गाडीत. ताडकळसच्या बाजाराची फेरी हाय, शेजारी बसून जाऊ." मी नवी साडी नेसले, खिडकीजवळची जागा पकडली आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. आपल्याकडे रुमाल टाकला की जागा आपली, हे कुणाला सांगावं लागत नाही.

दोन स्टॉपमध्ये गाडी खचाखच भरली. एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन चढली. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ओळखतच नाहीत... आणि म्हणाले, "बाई, रुमाल उचला. मावशीला बसू द्या."

उचलला. ताडकळस येईपर्यंत एक कोंबडी माझ्या पदराला चोच मारत होती आणि हे दाराशी उभे. वर माझंही तिकीट फाडलं, नियम म्हणजे नियम. आज हसू येतं, पण तेव्हा घरी येऊन रडले होते.

तर परवा बोटीत चढल्या चढल्या मी काय केलं असेल? बाकावर बसले आणि शेजारी रुमाल टाकला. बाकीचे टूरिस्ट बघायला लागले... बघू देत. निळं पाणी आणि पांढरी वाळू फोटोतही दिसते, मला फक्त हा माणूस एकदा शेजारी बसलेला हवा होता.

पण हे बसतील तर शपथ! शिडीपाशी उभे राहून चढणाऱ्या प्रत्येकाला हात देत होते. "आगे सरको, आगे सरको" चालू. कुणाची बॅग बाकाखाली सरकव, कुणाच्या पोराला धर. बोटवाल्याने बारा नावं वाचली तेव्हा हेच मान डोलवत होते, जशी काही बोट यांच्याच ताब्यात दिली होती.

तीन बेटं झाली. पाण्यावर वाकलेले नारळ बघितले, काचेसारख्या पाण्यातले रंगीत मासे बघितले... सगळं एकटीने. रुमाल वाऱ्याने उडायला लागला म्हणून त्यावर पर्स ठेवली.

शेवटच्या बेटावरून निघालो, बोटवाल्याने शीड उभारलं. दरवेळी तोच माणसं मोजायचा, आता तो शिडात गुंतलेला बघून यांनी सवयीप्रमाणे पुढून मागे सीटा मोजल्या, मग मागून पुढे. चेहरा उतरला. बोटीच्या लाकडावर एकच जोरात थाप मारली... सिंगल बेल, म्हणजे थांबा. "रुको भाई, एक सीट कम है. कोई पीछे रह गया."

बोट परत वळवली. हे गुडघाभर पाण्यात उतरले, वाळूत जाऊन हाका मारायला लागले. साठीचा माणूस, पँट भिजलेली, तरी पळत होता. मीही बाकावरून उठून किनाऱ्याकडे बघायला लागले... खरंच कुणी त्या बेटावर राहिलं असेल तर?

हे परत येऊन बोटीत चढले तेव्हा बोटवाल्याने मोजलं, बारा भरले. यांनी मोजलं, अकरा. पुन्हा मोजलं, पुन्हा अकरा. बोटवाला वैतागला. मी मात्र यांच्या बोटाकडे बघत होते... पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जात होतं आणि तिथेच थांबत होतं.

"अहो, तुमी सोताला धरलं का?"

"कंडक्टर कुठं सीटमदी धरतेत?" पटकन म्हणाले... आणि ते मोजणारं बोट हळूच स्वतःकडे वळवलं.

बोटीत एकच हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते, हा माणूस मला मोजत नाही. त्याने तर स्वतःलाही कधी मोजलं नव्हतं.

मी पर्स उचलली, रुमाल तसाच ठेवला. म्हटलं, "बसा. चौतीस वर्षं झाली जागा धरून."

बसले. आधी अगदी कडेला, कधीही उठता येईल असे... मग हळूहळू मागे टेकले. ओल्या पँटने माझी साडीही भिजवली. बोटवाला निघू का म्हणून यांच्याकडेच बघत होता. हे उठायच्या आत मीच कठड्यावर दोनदा टकटक केलं. डबल बेल. बोट निघाली.

लेकी, तुझे आभार कसे मानू... आणि ताडकळसच्या त्या कोंबडीवाल्या मावशी, तुमच्यावर इतकी वर्षं राग धरून होते, तो त्या समुद्रात सोडून आले.