डावी कूस
हिंगाचा वास आला की मला मुरबाडकडचं सासर आठवतं. लग्नघरचा उरलेला भात खाऊन आमची शेळी फुगली होती आणि मी, नवी सून, तिची उजवी कूस चोळत बसले होते. "तिचं पोट डावीकडं असतं गो," म्हणत सासूबाईंनी तिला हिंग घातलेलं तेल पाजलं आणि माझा कान तिच्या डाव्या कुशीला लावला. "गुरगुरतंय का नाय?" आत सगळं गप्प होतं. आम्ही दोघी उपाशीच चोळत राहिलो. उन्हं कलता कलता आत गुरगुर झाली, शेळीनं आंबट ढेकर दिला, तेव्हा कुठे सासूबाईंनी चूल पेटवली. आता वाशिंदला तान्हा नातू दूध पिऊन रडायला लागला की मी त्याच्या डाव्या कुशीला कान लावते. "आई, हे कुठं शिकलात?" सून विचारते. मी तिला हिंगाची डबी आणायला पाठवते.