सात सेकंदांतली मुलगी

सकाळचे सव्वाअकरा. अकोल्यातलं जुनं शहर, एका मंगल कार्यालयाचा हॉल. लहान मुलांचं तपासणी शिबिर. मंचावर पाहुणे, खाली सतरंजीवर आया आणि पोरं. तिथे आमच्या चॅनलच्या कॅमेऱ्यात साडेचार वर्षांची एक मुलगी आली. पिवळा फ्रॉक, दोन्ही हात कानांवर, डोळे घट्ट मिटलेले.

टीव्हीच्या लोकांत वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. अमरावतीच्या आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर बसलं की एकाला दुसरा आठवतो आणि चहा गार होतो. पण खालचे सगळे किस्से त्याच सात सेकंदांचे आहेत. बातमी मीच पाठवली होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते शोधून काढल्याचा आनंद दुसऱ्या कुणाला मिळायला नको.

मुलीचं नाव लिहीत नाही. तिला पाहणारे आधीच पुष्कळ झालेत.

*

मी शिबिराला गेलो नव्हतो; अमरावतीतून मजकूर लिहिला होता : 'शिबिराला चांगला प्रतिसाद.' मुंबईच्या डेस्कवरून दुपारी जे लागलं त्यात सात सेकंद फक्त ती मुलगी आणि खाली पट्टी : 'ऑटिझमग्रस्त चिमुकलीची करुण कहाणी.'

तासाभरात तिच्या आईचा फोन, आमच्या कॅमेरामनकडून नंबर घेऊन. वर्षाताई. जुन्या शहरातच पिको-फॉलचं दुकान चालवतात.

"भाऊ, पोरगी उशिरा बोलून राहिली म्हणून मी शिबिरात नेलं. डॉक्टर म्हनले, असू शकते, नसूबी शकते, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. तुमच्या टीव्हीले आजच कसं समजलं?"

मी डेस्कला फोन केला. तिकडचा पोरगा नम्र होता. म्हणाला, "सर, 'असू शकतो' पट्टीत बसत नाही."

*

पुढच्या महिन्यात चर्चेचा कार्यक्रम : 'मोबाईलचा विळखा, मुलांचं बालपण हरवलं.' चार तज्ज्ञ चार चौकटींत, आणि मधल्या मोठ्या चौकटीत पिवळा फ्रॉक.

वर्षाताईंचा पुन्हा फोन. "भाऊ, घरात मोबाईल एकच हाय. बटनाचा. त्याच्यावरूनच तुमच्याशी बोलून राहिली."

प्रोड्यूसर मला म्हणाला, "सर, ते प्रतीकात्मक आहे."

मी विचारलं, "तुमच्या मुलाचा फोटो प्रतीक म्हणून पाठवता का? चांगला निघतो त्याचा." त्यानंतर तो माझे फोन उचलेनासा झाला. प्रतीक मात्र चालू राहिलं.

*

तिसऱ्या वेळी ती भूतबाधेवरच्या कार्यक्रमात दिसली. मागे घुंगरांचा आवाज, पडदा निळा केलेला. कार्यक्रम अंधश्रद्धेच्या विरोधात होता म्हणे! दुसऱ्या दिवशी शेजारची बाई वर्षाताईंच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवून गेली.

त्याच आठवड्यात वर्षाताई लेकीला घेऊन मोझरीला गेल्या, गुरुकुंज आश्रमात. प्रार्थनेला मुलगी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडी घालून शांत बसली. उठताना मागची बाई म्हणाली, "हे टीव्हीवरची नं?"

वर्षाताई म्हणाल्या, "नाही, बाई. हे माह्या घरची."

*

मी लेखी तक्रार दिली : मुलीचा चेहरा झाका. ऑफिसात चार वेळा आवाज चढवला. शेवटी कळवलं गेलं की दखल घेतली आहे, दृश्य ब्लर केलं आहे.

मी टीव्हीसमोर बसलो. सात सेकंद आले. ब्लर होतं, खरंच होतं. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात दुसऱ्या चॅनलच्या माईकचं टोक दिसत होतं, ते झाकलं होतं.

मुलगी स्वच्छ दिसत होती.

*

इथवर आम्ही टपरीवर हसायचो. मीसुद्धा. मग पहिलीच्या प्रवेशाची वेळ आली.

वर्षाताईंनी दोन गल्ल्या सोडून असलेल्या शाळेत अर्ज दिला. बाई म्हणाल्या, "आमचं काही नाही हो. पालक विचारतात. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. चॅनलकडून लिहून आणा की तसं काही नाही, मग बघू."

मी सोबत गेलो. म्हटलं, "बाई, ऑटिझम असला तरी प्रवेश नाकारता येत नाही. कायदा आहे."

"नाकारलं कुठे? वेटिंगवर ठेवलंय."

"वेटिंगवर किती मुलं आहेत?"

बाईंनी रजिस्टर उघडलं, मिटलं. म्हणाल्या, "सध्या एकच."

जिना उतरताना वर्षाताई म्हणाल्या, "आपल्या पोरीले काही हाय का नाही, ते आता नागपूरचे डॉक्टर सांगतीन. मी भ्याली नाही त्याले. पन शाळेनं कानावर हात ठेवलेली पोरगीच काहून पाहावी? दिवसभर ते काय कानावर हात ठेवून राह्यते?"

हा प्रश्न वीस वर्षं बातमीदारी केलेल्याला आधी पडायला हवा होता. मला तोवर पडलाच नव्हता. ती कानांवर हात का ठेवून होती?

*

शूट केलं होतं आमच्या प्रमोदनं, अकोल्याच्या कॅमेरामननं. तो जुनं कार्ड कधी पुसत नाही. आळशी आहे म्हणून, पण देव त्याचं भलं करो. वर्षाताईंच्या दुकानातच, शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून आम्ही मूळ शूट लावलं.

पाहुणे बोलायला उभे राहतात. माईक स्पीकरच्या पुढ्यात येतो आणि अशी किंचाळी फुटते की प्रमोदचा कॅमेरासुद्धा हलतो. पाहुण्यांचे हात कानांवर. नर्सचे कानांवर. सतरंजीवरच्या सगळ्या आयांचे, सगळ्या पोरांचे. मुलीशेजारी बसलेले, तिला तपासणारे डॉक्टर, तेही डोळे मिटून, कान दाबून.

तेव्हा केसपेपर आणायला बाहेर गेलेल्या वर्षाताईंनी ते तीनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरबी कान दाबून बसला नं! त्याले कोनी तपासाले नेलं का नागपूरले?" आणि पदर तोंडावर घेऊन हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मुलगी आमच्या मध्ये डोकं घालून म्हणाली, "पुन्हा." आणि माईक किंचाळायच्या आधीच कान झाकून बसली.

पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही शाळेत गेलो. बाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "पण टीव्हीवर तर असं नव्हतं." आणि परत तेच : चॅनलकडून लिहून आणा.

प्रमोदनं मुंबईला पाठवलेली फाईल तपासली. ती पूर्ण चौकटीची होती, पाहुण्यांपासून सतरंजीपर्यंत. मी मुंबईला एकच ओळ लिहिली : चौकट कुणी कापली? उत्तर आलं : 'आपला संदेश मिळाला.' नंतर तीन पत्रं पाठवली. त्यांना तेवढंही उत्तर आलं नाही.

मुलगी वेटिंगवर पहिली आहे. ते सात सेकंद गेल्या आठवड्यात पुन्हा लागले, बालसंगोपनाच्या कार्यक्रमात. नीट पाहिलं तर उजव्या कडेला कोपरापासून वर उचललेला एक हात दिसतो, पांढऱ्या बाहीचा.

तो डॉक्टरांचा आहे.